नाव मागणाऱ्याने आधी कारण दाखवावे

वाचकाचे पत्र (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात): मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते आणि घरचा लहानसा होमस्टे सांभाळते. आमच्या खाडीत रात्री सक्शन पंप लावून वाळूचा उपसा चालतो. बंधारा ढासळून खारे पाणी भातशेतीत शिरले आहे, आणि ओहोटीला तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) काढायला जाणाऱ्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन परत येतात. याविषयी मी फेसबुकवरच्या एका पानावर टोपणनावाने लिहिते. काही फोटो माझे आहेत, काही गावातल्या दोघा मच्छिमारांनी दिले आहेत. आता ठेकेदाराच्या वकिलाची नोटीस त्या पानाच्या इनबॉक्समध्ये आली आहे. सात दिवसांत खरे नाव आणि पत्ता कळवा, सगळा मजकूर काढून जाहीर माफी मागा, नाहीतर ५० लाखांचा दावा लावू, फौजदारी करू आणि फेसबुक कंपनीकडून तुमचे नाव काढून घेऊ, असे तीत म्हटले आहे. थोरले दीर म्हणतात, सगळे पुसून टाक. खरे असते तर नाव लपवून लिहिले असतेस का? मुंबईचा भाऊ म्हणतो, नाव जाहीर करून टाक, घाबरतेस कशाला? नाव फुटले तर गावकी वाळीत टाकेल आणि होमस्टे बंद पडेल अशी मला भीती वाटते. मी लिहिलेले खरे आहे, तेव्हा नाव न सांगण्याचा हक्क मला कायद्याने आहेच ना? मी काय करू?

ताई,

तुम्ही पत्रासोबत नोटिशीची प्रत आणि तीन नोंदींचे स्क्रीनशॉट पाठवलेत, ते सगळे मी सावकाश वाचले. आधी नोटिशीचे बोलू, कारण झोप तिने उडवली आहे. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. ती एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे केलेली लेखी मागणी असते. सात दिवसांची मुदत कायद्याने घातलेली नाही, वकिलाने घातलेली आहे, आणि ती उलटली म्हणून तुमच्या हातून कोणताही गुन्हा घडत नाही. ५० लाखांचा आकडा नोटिशीत लिहायला काही पडत नाही. दाव्यात तोच आकडा लिहायचा तर त्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते आणि पुढे त्याचे समर्थनही करावे लागते. म्हणून आज रात्री घाईने काही करू नका. नोटीस दुर्लक्षून चालणार नाही, तिला उत्तर द्यायचे आहे, पण ते वकिलामार्फत आणि विचारपूर्वक.

तुमच्या दिरांचा प्रश्न मात्र मला नोटिशीपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण तो गावोगाव विचारला जातो आणि तो ऐकून चांगली माणसे गप्प बसतात. नाव लपवले म्हणजे लिहिण्यात खोट आहे, हे गृहीतक आपल्याच परंपरेत टिकत नाही. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात समाजाच्या दोषांवर पत्रे लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने, आणि तेव्हा ते सरकारी नोकरीत होते. त्या पत्रांतला एखादा युक्तिवाद खोडायचा असेल तर युक्तिवादानेच खोडावा लागला. लिहिणारा कोण हे कळून तो खोडला गेला नसता. तुमच्या नोंदींचेही तसेच आहे. बंधाऱ्याला भगदाड पडले आहे की नाही, हे बंधाऱ्यावर जाऊन पाहता येते. त्यासाठी तुमचे आधार कार्ड लागत नाही.

नावानिशी लिहिणाऱ्यांचे काय होते, हेही दिरांना शांतपणे सांगा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने मुंबईतल्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दिली. दोघींना अटक झाली, आणि जमावाने त्या तरुणीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. काकांनी काहीच लिहिले नव्हते. राजापूर तालुक्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रस्तावित रिफायनरीच्या जमिनींविषयी लिहिणाऱ्या एका पत्रकाराच्या दुचाकीवर गाडी घालण्यात आली आणि त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याविषयीची त्यांची बातमी हल्ल्याच्याच दिवशी छापून आली होती, त्याच्यावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. तेही नावानिशीच लिहीत होते. मी हे तुम्हाला भिववण्यासाठी लिहीत नाही. आपल्या किनाऱ्यावर, जिथे ठेकेदाराची बोट, गावातल्या पोरांचा रोजगार आणि तुमच्या घराची वाट एकाच धक्क्यावरून जाते, तिथे नाव झाकणे ही पुष्कळदा विचारपूर्वक घेतलेली खबरदारी असते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता तुमच्या स्वतःच्या गृहीतकाकडे वळतो. ‘मी खरे लिहिले आहे, मग नाव न सांगण्याचा हक्क आहेच ना’, या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत आणि त्या सोडवून घ्यायला हव्यात. अनामिक राहण्याचा हक्क देणारे वेगळे कलम आपल्याकडे कोणत्याही कायद्यात नाही. तो हक्क उभा राहतो तो संविधानाच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर आणि कलम २१ वर. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि त्यावर बंधन घालायचे तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी त्या निकालातून पुढे आली. तुमच्या वकिलांच्या हातात हे सर्वांत भक्कम साधन आहे. पण कलम १९ मध्येच अब्रुनुकसानीच्या कारणास्तव वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही आहे. म्हणजे हक्क आहे, पण तो निरपवाद नाही.

तो निरपवाद नसावा, असेच मलाही मनापासून वाटते. टोपणनावाच्या आडून मुलींची विटंबना करणारे, कोणाच्या घरातल्या आजारपणाचा बाजार मांडणारे लोकही असतात, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट न्यायालयाला मोकळी असलीच पाहिजे. म्हणून माझा तुम्हाला प्रश्न असा आहे की तुम्हाला नाव नेमके कोणापासून झाकायचे आहे? ठेकेदारापासून, त्याच्या माणसांपासून, गावकीपासून झाकणे योग्य आहे आणि त्यासाठी लढता येते. न्यायालयापासून कायमचे झाकता येईल, असे मात्र गृहीत धरू नका. नाव मागणाऱ्याने आधी आपले प्रकरण खरोखर उभे राहते हे दाखवावे, नाव उघड होणे ही खटल्याची पहिली पायरी नसावी, एवढीच आपली मागणी असली पाहिजे. ती पुरेशी मोठी मागणी आहे, कारण पुष्कळदा दावा लावण्यामागचा खरा हेतू नुसते नाव मिळवणे हाच असतो. नाव हाती आले की खटला रेंगाळतो आणि पुढचे काम गावातच उरकले जाते.

ही मागणी जगाला नवी नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २००१ मध्ये डेंड्राइट या कंपनीच्या प्रकरणात ठरवले की अनामिक लेखकाचे नाव मागणाऱ्याने त्याला आधी त्याची खबर पोहोचवण्याचा प्रयत्न करावा, कोणती विधाने बदनामीकारक आहेत ती शब्दशः दाखवावीत, आपल्या आरोपाला प्रथमदर्शनी पुरावा द्यावा, आणि त्यानंतर न्यायालयाने दोन्ही बाजूंचे हित तोलावे. २००५ मध्ये डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही एका छोट्या गावाच्या नगरसेवकाने लावलेल्या दाव्यात अशीच कडक अट घातली. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका वृत्तपत्राच्या प्रकरणात, वाचकांची माहिती उघड करण्याचा आदेश पुरेसे तोलून पाहिल्याविना दिला गेला म्हणून तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरवला. हे निकाल रत्नागिरीच्या न्यायालयावर बंधनकारक नाहीत. पण पुट्टस्वामीची प्रमाणाची कसोटी त्याच दिशेने बोट दाखवते, आणि वकिलांनी हे सगळे न्यायाधीशांपुढे मांडावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता ‘कंपनीकडून नाव काढून घेऊ’ या धमकीचे. खासगी वकिलाच्या पत्रावर कंपनीने तुमची माहिती द्यावी, असे कोणताही नियम सांगत नाही. मजकूर काढण्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात स्पष्ट केले आहे की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आल्यावरच फेसबुकसारख्या मध्यस्थ कंपनीवर ती जबाबदारी येते. (पालघरच्या त्या अटकेनंतर जी याचिका गेली, तिच्यातूनच हा निकाल आला आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ कलम रद्द झाले.) नाव मिळवण्याचे खरे मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग दिवाणी दाव्याचा. प्रतिवादी ‘अज्ञात’ दाखवायचा, कंपनीला सोबत पक्षकार करायचे आणि खात्याची नोंदणी-माहिती मागायची. दुसरा मार्ग फौजदारी तक्रारीचा. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली २ वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेचा गुन्हा आहे, पण तो अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. बाधित व्यक्तीने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते, पोलीस आपणहून तपास करू शकत नाहीत, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते.

तिसऱ्या मार्गाची मला सर्वाधिक काळजी वाटते. बदनामीवर पोलीस हलत नाहीत, म्हणून तक्रारीत खंडणीचा किंवा धमकीचा आरोप जोडला जातो. खंडणी दखलपात्र आहे, आणि तपास सुरू झाला की २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अधिकृत तपास यंत्रणेच्या लेखी आदेशावर कंपनीला ७२ तासांत माहिती द्यावी लागते. म्हणून ताई, या पानाच्या निमित्ताने कोणाकडूनही एक रुपयाही घेऊ नका. जाहिरात नको, वर्गणी नको, बंधाऱ्याच्या डागडुजीसाठी देणगीसुद्धा या पानावरून मागू नका. ठेकेदाराचा माणूस ‘मिटवून टाकू, काय ते सांगा’ अशा आशयाचा निरोप पाठवेल. त्याला उत्तरच देऊ नका आणि तो निरोप तारखेसह जपून ठेवा.

कंपनीकडे माहिती असते ती कोणती? तुम्ही खाते उघडताना दिलेला मोबाइल क्रमांक, ईमेल आणि कोणत्या आयपी अ‍ॅड्रेसवरून कधी लॉग-इन झाले त्याच्या नोंदी. मोबाइल क्रमांक म्हणजे सिमकार्डाची कागदपत्रे, आणि ती कागदपत्रे म्हणजे तुमचे घर. हा पडदा पातळ आहे, हे ओळखून वागा. पण दुसऱ्याच्या नावाचे सिम घेणे किंवा दुसऱ्या जिवंत माणसाचे नाव-फोटो लावणे हे उपाय नव्हेत, ते स्वतंत्र गुन्हे होऊ शकतात. टोपणनाव घेणे वेगळे आणि तोतयेगिरी वेगळी. फेसबुकच्या स्वतःच्या अटींप्रमाणे व्यक्तिगत खाते रोजच्या नावाने असावे लागते, तर पान कोणत्याही नावाने चालवता येते. तुम्ही पान काढलेत हे बरे केलेत.

दिरांचा ‘सगळे पुसून टाक’ हा सल्लाही मला पटत नाही. २०२१ च्या नियमांनुसार खाते बंद केल्यावरही नोंदणीची माहिती कंपनीला १८० दिवस ठेवावी लागते, म्हणजे पुसून नाव लपत नाही. नोटीस हाती आल्यावर मजकूर नष्ट केला तर पुरावा नाहीसा केल्याचा ठपका येऊ शकतो, आणि आपण नेमके काय लिहिले होते हे दाखवण्याची तुमची सोय मात्र जाते. नोटिशीत एक वाक्य तोडून उद्धृत केले आहे. त्याच्या आधीच्या दोन वाक्यांत तुम्ही तारीख आणि भरती-ओहोटीची वेळ दिलेली आहे, हे तुम्ही मूळ नोंद पुढे ठेवूनच दाखवू शकाल. आजच सर्व नोंदी, त्यांवरच्या प्रतिक्रिया, मूळ फोटो आणि ती नोटीस तारखांसह वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा.

आता तुमच्या तीन नोंदींविषयी, अगदी स्पष्टपणे. पहिली नोंद उत्तम आहे. रात्री कोणत्या सुमारास पंपाचा आवाज सुरू झाला, बोटी कोणत्या बाजूने आल्या, सकाळी बंधाऱ्याचा कोणता भाग खचलेला दिसला, एवढेच तुम्ही लिहिले आहे. पाहिले ते सांगितले आहे. दुसरीत ठेकेदाराच्या परवान्यात हातपाटीचीच परवानगी असताना यंत्र वापरले जाते, असे म्हटले आहे. ते खरे असेल तर गंभीर आहे, पण परवाना तुम्ही स्वतः पाहिला आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही. तिसरीत ‘तहसील कार्यालयातले सगळे विकले गेले आहेत’ हे वाक्य आहे, आणि ते मला खटकले. तुमच्याकडे याचा पुरावा नाही. तो राग आहे, आणि राग समजण्यासारखा आहे, पण विरोधी वकील उद्या पहिल्या नोंदीला हातही लावणार नाही, याच वाक्यावर बोट ठेवून सगळे पान बेजबाबदार ठरवेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल निकालात सांगितले आहे की सरकारी कार्यालय बदनामीची भरपाई मागू शकत नाही आणि अधिकाऱ्यालाही आपल्या कामाविषयीच्या टीकेबद्दल ती सहसा मागता येत नाही. मात्र सत्याची पर्वा न करता लिहिले असेल तर ते संरक्षण उरत नाही. वकिलांशी बोलून त्या वाक्यापुरती दुरुस्ती करा आणि दुरुस्ती केली आहे असे तिथेच लिहा. मूळ नोंदीची प्रत तुमच्याकडे राहू द्या.

दुसऱ्यांनी दिलेल्या पुराव्याबाबत आपल्या रत्नागिरीतच जन्मलेल्या टिळकांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी ज्या पत्रांच्या आधारे लिहिले, ती न्यायालयात बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर या दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू निर्मळ होता, पण कागद खोटे निघाले. मच्छिमारांनी दिलेला प्रत्येक फोटो कोणी, कधी, कुठून काढला आणि मूळ फाइल कोणाच्या फोनमध्ये आहे, हे तुम्हाला नीट ठाऊक असले पाहिजे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला न्यायालयात प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ फोन हाताशी नसेल तर ते अवघड होऊन बसते.

इथे तुमच्या प्रश्नातला सर्वांत कठीण भाग येतो. फौजदारी खटल्यात सत्य आणि लोकहित या दोन्ही गोष्टी दाखवल्या तर बचाव होतो, दिवाणी दाव्यात सत्य पुरते. पण सत्य सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर असतो, आणि ते सिद्ध करायला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कोणीतरी उभे राहावे लागते. नाव झाकायचे आणि ‘मी डोळ्यांनी पाहिले’ असेही म्हणायचे, हे फार काळ चालत नाही. म्हणून पुरावा असा जमवा की तो तुमच्या नावावाचून उभा राहील. परवान्याची प्रत, त्यातली पद्धत आणि मुदत, वाळूच्या पासांच्या नोंदी, महसूल विभागाने केलेले पंचनामे आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बसवलेला दंड, खारभूमी बंधाऱ्याचे पाहणी अहवाल, हे सगळे माहितीच्या अधिकारात मिळू शकते. अर्जदाराला कारण विचारता येत नाही आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवे. अर्जावर नाव द्यावे लागते, म्हणून तो तुम्ही न करता मुंबईच्या भावाने किंवा गावाबाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाने करावा. नुसत्या सल्ल्यापेक्षा भावाची मदत अशी व्हावी. प्रमाणित कागद हाती आला की पुढची नोंद ‘मी पाहिले’ यावर न चालता ‘कागदपत्रांत असे आहे’ यावर चालेल, आणि मग लिहिणारा कोण हा प्रश्न ठेकेदारालाही तितका उपयोगाचा राहणार नाही.

गावात नाव बहुधा न्यायालयामुळे फुटत नाही, ते नाक्यावर फुटते. तुम्ही पाठवलेल्या एका फोटोत डाव्या कोपऱ्यात चिऱ्याचा गडगा आणि वाकडा माड दिसतो. तुमच्या वाडीतला कोणीही सांगेल की हा फोटो कोणाच्या परसातून काढला आहे. दुसऱ्या नोंदीत ग्रामसभेतल्या वादाचा तपशील त्याच संध्याकाळी आला आहे. सभेला बायका किती होत्या, हे गावाला ठाऊक असते. तिसरीत ‘मी तिथे गेले होते’ असे क्रियापद आहे, आणि लिहिणारी बाई आहे हे त्या एका क्रियापदाने सांगून टाकले. सभेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लिहा, फोटो कापून घ्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी मूळ फाइल मागितली तर देऊ नका, कारण तिच्यात जागा आणि वेळ नोंदलेली असू शकते.

भावाचा ‘नाव जाहीर कर’ हा सल्ला मी धुडकावत नाही. नाव आपण होऊन, आपल्या वेळेला आणि चार माणसांच्या सोबतीने सांगणे, आणि ते कोणीतरी खेचून काढणे, यांत फार फरक आहे. मच्छिमार सोसायटी किंवा बंधाऱ्याखालचे शेतकरी एकत्र येऊन तहसीलदारांकडे किंवा पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाकडे तक्रार करणार असतील, तर तिथे अनेक सह्यांमधली एक सही तुमची असू शकते, आणि पानाचा त्याच्याशी संबंध सांगण्याची गरज नाही. पण एकटीने, नोटिशीच्या धाकाने, या आठवड्यात नाव जाहीर करू नका. वाळीत टाकण्याच्या भीतीबाबतही कायदा तुमच्या बाजूचा आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. कायद्याने शेजारीण बोलायला लागत नाही, हे मला ठाऊक आहे, पण गावकीच्या बैठकीत ठराव करणाऱ्यांचे हात त्याने आखडतात.

वकील निवडताना आपल्या तालुक्याबाहेरचा पाहा. लहान ठिकाणच्या वकिलांच्या बारमध्ये सगळे एकमेकांच्या रोजच्या बैठकीतले असतात. वकिलाला तुमचे नाव सांगावेच लागेल, आणि अशिलाने विश्वासाने सांगितलेले त्याला उघड करता येत नाही. खर्चाची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. नोटिशीला उत्तर ‘आपण ज्या पानाला नोटीस पाठवली त्याच्या वतीने’ असे, नाव न घालता, तीन मुद्द्यांचे असावे: कोणते विधान खोटे आहे ते शब्दशः दाखवा, परवान्याची प्रत द्या, आणि चूक दाखवलीत तर दुरुस्ती करू. माफी नको आणि उद्धट भाषाही नको.

पुढे दावा लागलाच, तर काही जण कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा आगाऊ अर्ज, दाखल करायला सांगतील. एरवी तो चांगला उपाय आहे, ९० दिवस टिकतो, पण त्यात तुमचे नाव लिहावे लागते, म्हणून तुमच्या कामाचा नाही. तुमचे म्हणणे न ऐकता मजकूर काढण्याचा मनाई हुकूम मागितला गेला, तर सर्वोच्च न्यायालयाने २२ मार्च २०२४ रोजी ब्लूमबर्ग प्रकरणात अशा एकतर्फी हुकुमांबाबत दिलेली ताकीद वकिलांनी दाखवावी. नाव सीलबंद लिफाफ्यात फक्त न्यायालयाला देऊ, प्रतिपक्षाला देऊ नये, अशीही विनंती करता येते. ती मान्य होईलच असे नाही. न्यायालयाने अखेर थेट विचारले तर खोटे सांगू नका. तिथे खोटे बोलणे हा तुमच्या हातून घडणारा पहिला खरा गुन्हा ठरेल. कंपनीला आदेश गेला तर ती पुष्कळदा खातेदाराला ईमेलने कळवते, म्हणून नोंदवलेला ईमेल चालू ठेवा आणि रोज पाहा. नोंद प्रसिद्ध झाल्यापासून दिवाणी दाव्याला १ वर्षाची आणि फौजदारी तक्रारीला ३ वर्षांची मुदत असते. तोवर सगळे कागद सांभाळा.

आणि त्या दोघा मच्छिमारांना नोटिशीबद्दल तुम्ही अजून काही सांगितलेले नाही, असे पत्रावरून दिसते. ते आजच सांगा. त्यांचे फोटो आणि निरोप तुमच्या फोनमध्ये त्यांच्या नावांसह आहेत, आणि तपासात फोन मागितला गेला तर आधी त्यांची नावे बाहेर येतील, तुमची नंतर. मूळ फाइली त्यांच्याच फोनमध्ये जपून राहू देत, त्यांतले काहीही पुसू नका, आणि पुढच्या नोंदींत त्यांचे फोटो वापरायचे की नाही, हे त्यांना विचारून ठरवा. त्यांच्यापैकी एकाने जरी नको म्हटले, तर त्याचा फोटो पुन्हा वापरू नका, आणि त्याला कारणही विचारू नका.